नाटकाच्या फोटोंसाठी फास्ट लेन्स घ्यावी का? जाणकारांनी प्रकाश टाकावा

विंगेतला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आमचा दादर-माहीमकडचा हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे, दहाबारा जण, सगळे नोकरीवाले. मला अभिनय येत नाही हे सगळ्यांना फार लवकर कळलं त्यामुळे फोटो काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि आता ते आवडायलाही लागलंय. कॅमेरा कॅननचा २००डी मार्क २, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमीच्या लेन्स, दोन्ही कॅमेऱ्याच्या डब्यातून आलेल्याच. चौपाटी, शिवडीचे फ्लेमिंगो, भाच्याची मुंज, सगळीकडे मस्त फोटो येतात. पण नाट्यगृहात शिरलो की माती. मागच्या प्रयोगाला सहाशेच्या वर फोटो काढले त्यातले दाखवण्यासारखे वीस निघाले असतील. चेहरे हललेले, नाहीतर दाणेदार, नाहीतर दोन्ही.

आता ग्रुपमधल्या एकाच्या ओळखीत एक जण ७०-२०० एफ २.८ विकतोय, बिन-आयएसवाली (हाताचा कंप सावरणारी सोय नसलेली) जुनी, साठ हजार म्हणतोय. माझं बजेट चाळीस, ताणून पन्नास. दुसरा पर्याय ८५ एफ १.८. तिसरा ५० एफ १.८, ती तर स्वस्तच आहे. घरी फ्रिज शेवटचे आचके देतोय त्यामुळे बायकोला पटेल असं कारण हवंय. तर फास्ट लेन्सने, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणाऱ्या लेन्सने, खरंच एवढा फरक पडतो का, की ही नुसती हौस? तीन आठवड्यांनी नव्या नाटकाची रंगीत तालीम आहे. जरा इस्कटून सांगा.

विरार_फास्ट

फास्ट म्हटलं की डोळे झाकून चढायचं 😄

सिरियसली, ५० एफ १.८ घे आणि मोकळा हो. दहा हजारांच्या आसपास येते, वजन १६० ग्रॅम, खिशात मावते. आवडली नाही तर विकताना फार तर दोनतीन हजारांचा फटका. फ्रिजपण येईल.

अंधारखोली

थांबा हो, चढायच्या आधी गाडी कुठे जाते ते तरी बघू दे त्याला.

विंगेतला, मी शिवाजी मंदिरात आणि साहित्य संघात फिल्मवर फोटो काढलेत. ४०० ची कृष्णधवल फिल्म १६०० ला ढकलायची, छत्तीस फोटो म्हणजे छत्तीसच, आणि रात्री घरी बाथरूमचा दिवा लाल. त्यामुळे ६४०० आयएसओवर (आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता) दाणे येतात म्हणून रडणाऱ्यांचं मला फारसं कौतुक नाही, पण ते असो.

आधी हिशोब समजून घे. एफचा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लांबी भागिले भोकाचा व्यास. प्रकाश भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो म्हणून आकड्यांचा वर्ग करायचा. तुझी ५५-२५० लांबच्या टोकाला ५.६ देते. २.८ म्हणजे आकडा निम्मा, प्रकाश चौपट, आपल्या भाषेत दोन स्टॉप, कारण प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप. १.८ म्हणजे ५.६ च्या साडेनऊ पटीहून जास्त, तीन स्टॉपच्या थोडं वर. शटर १/४० सेकंदाला असताना हललेला फोटो दोन स्टॉपने १/१६० वर जातो आणि तीनने १/३२० वर. साध्या बोलण्यातल्या नटाला १/१६० चालून जातं, भांडण, नाच, दाणकन उठणं असेल तर १/२५० च्या वर लागतं. फास्ट लेन्सची सगळी मातब्बरी एवढीच, बाकी मागचं धूसर होणं वगैरे नाटकात दुय्यम, मागे काळा पडदाच असतो.

आणि "माझ्या लेन्सला आयएस आहे" हे मनातून काढून टाक. आयएस तुझा हात थांबवतो, नटाला नाही.

आता माझा प्रश्न. तुझ्या त्या सहाशेतल्या बिघडलेल्या फोटोंचा एक्झिफ (कॅमेरा फोटोसोबत सेटिंगची जी नोंद ठेवतो ती) बघितलास का? किती शटर, कुठला एफ, किती आयएसओ, आणि मुख्य म्हणजे किती मिमी? ते न बघता लेन्स घेणं म्हणजे नंबर न काढता चष्मा करायला टाकण्यासारखं आहे.

मोबाइलपुरे

आजकालच्या फोनचा नाइट मोड बघितला नाही का कोणी? साठ हजारात नवा फोन येईल, त्यात फोटोही आणि कॉलही.

सौ_आयएसओ

@मोबाइलपुरे नाइट मोड बरेच फोटो एकावर एक चढवून एक करतो, समोरचा जितका स्थिर तितका छान. नटाने हात उचलला की तीन हात दिसतात. आणि प्रयोग चालू असताना फोनचा उजेड चेहऱ्यावर घेऊन बसलात तर स्टेजवरून बोलणी बसतील, आमच्याकडे बसलीत एकाला.

विंगेतला

अंधारखोली काका, काल रात्री बसून बघितलं सगळं. कॅमेरा एव्ही मोडवर (एफ मी ठरवतो, शटर कॅमेरा), ऑटो आयएसओ, कमाल ६४०० ला बांधलेला. बहुतेक बिघडलेले फोटो १/३० ते १/५०, एफ ४.५ किंवा ५, आयएसओ ६४००. मिमी काढायला जास्त वेळ गेला. मला वाटत होतं मी सतत २०० च्या पुढे असतो, पण निम्म्याहून जास्त फोटो ७० ते ११० मधले निघाले. आम्हाला चौथी-पाचवी रांग मिळते बहुतेक वेळा. दोनशेच्या पुढचे जेमतेम तीसेक आणि तेही कोणाच्या तरी नाकाचे.

आणखी एक, चेहरे पांढरे पडलेत खूप ठिकाणी. मागचा पडदा मात्र राखाडी दिसतोय, प्रत्यक्षात कुळकुळीत काळा आहे तो.

अंधारखोली

सापडलं की मग!

चेहरा पांढराफटक आणि काळा पडदा राखाडी, हा आजार लेन्सचा नाही, मीटरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्याचा आहे. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला काय माहीत की हे नाटक आहे. तो सगळ्या चौकटीची सरासरी काढून मधला करडा रंग आणायला बघतो. चौकटीचा तीन चतुर्थांश भाग काळी विंग आणि काळा पडदा, म्हणजे त्याच्या मते अंधारच अंधार, म्हणून तो शटर ढिलं करत जातो. पडदा उजळतो, आणि ज्याच्यावर स्पॉट पडलाय तो गृहस्थ जळून जातो, वर हलतोही. तू दोनदा लुटला गेलायस.

इलाज फुकट आहे. मोड एम कर, म्हणजे सगळे आकडे तूच ठरवायचे. तालमीत लाइटवाल्याला जनरल लाइट द्यायला सांग, स्पॉट मीटरिंगवर (चौकटीतला छोटा ठिपकाच मोजणाऱ्या) घे आणि चेहऱ्यावर मोज. आपल्याकडचा गव्हाळ चेहरा साधारण त्या मधल्या करड्याच्या आसपासच बसतो, फार गोरा किंवा भरपूर पावडर लावलेला असेल तर अर्धा-एक स्टॉप वर घे. तो आकडा पकडून ठेव. पडद्याला काळा राहू दे, तो काळाच आहे. माझा अंदाज, तुझ्या १/४० च्या जागी १/१२५ तरी मिळेल, कदाचित १/१६०. म्हणजे जवळपास दोन स्टॉप. ज्या दोन स्टॉपसाठी तू साठ हजार मोजायला निघाला होतास ना, तेच.

प्रकाशयोजना बदलली की आकडा बदलायला लागेल, पण नाटक आपल्याच ग्रुपचं आहे, तुला क्यू पाठ असतील. हा फायदा बाहेरच्या कुठल्याही फोटोग्राफरला नाही.

सौ_आयएसओ

काकांचं मीटरिंगचं शंभर टक्के बरोबर. पण एवढ्यावर "लेन्स नकोच" असं कोणी ठरवू नका, मी थोडी वेगळी बाजू मांडते. मी भरतनाट्यमचे कार्यक्रम करते, अरंगेत्रम (शिष्येचा पहिला जाहीर कार्यक्रम) वगैरे, आणि तिथे मीटरिंग कितीही अचूक केलं तरी ५५-२५० वर मी मरायचे. मुलगी तीरमानम् (नाचातला ठेक्याचा समारोपाचा तुकडा) घेत असते तेव्हा १/३२० च्या खाली हातच हलतात. सुरुवातीला माझं पण हेच, आधी सेटिंग सुधारलं, मग लेन्स घेतली, आणि दोन्ही लागलं.

माझ्याकडे ८५ एफ १.८ आहे. विंगेतला दादा, तुमचे ७० ते ११० चे आकडे बघून मला तर वाटतं तुम्ही प्रश्नातच उत्तर दिलंय. तुमच्या छोट्या सेन्सरवर आठ मीटरवरून ८५ ने कॅमेरा उभा धरला की साधारण दोन मीटर उंची मावते, म्हणजे उभा नट डोक्यापासून पायापर्यंत. आडवा धरला तर दोघांचा कमरेपासून वरचा संवाद. ५० ने तिथूनच साडेतीन मीटर रुंदी येते, माणसं छोटी होतात, मग नंतर कापत बसायचं.

लोक घाबरवतात की १.८ वर फक्त एक डोळा फोकसमध्ये येतो. ते जवळून पोर्ट्रेट काढताना, दीड मीटरवर वगैरे. आठ मीटरवर ८५ ला १.८ उघडलं तरी फोकसमध्ये राहणारी अर्ध्या मीटरहून जास्त खोली मिळते, माणूस आरामात बसतो त्यात. उलट ७०-२०० वर २०० ला २.८ केलं तर त्याच अंतरावर वीतभरसुद्धा नाही मिळत. म्हणजे "कमी फास्ट" लेन्सची खोली जास्त कमी. हे मला कळायला एक आख्खा कार्यक्रम वाया घालवावा लागला, गुरू स्पष्ट आणि शिष्या धूसर.

त्यात ती ७०-२०० बिन-आयएस म्हणताय, सव्वा किलोच्या वर वजन, दोन अंक हातात धरून बसायचं, आणि २०० मिमीला तुमच्या कॅमेऱ्यावर स्वतःचा हात लपवायलाच १/३२० लागणार. साठ हजार? नको.

८५ चे दोष पण सांगते. पूर्ण उघडली की चमकत्या कडांना जांभळी किनार येते, दागिने, चष्म्याची दांडी, पितळी समई. एफ २ ते २.२ ला बरीच कमी होते. आयएस नाही. आणि झूम नाही म्हणजे नट पुढे आला की तुम्ही अडकलात.

रच्याकने (जाता जाता), एलईडी लाइट असतील तर आधी चाचणी घ्या. जुन्या पार कॅन दिव्यांमधली तार तापलेली राहते त्यामुळे तिचा लुकलुकाट फारसा जाणवत नाही, पण स्वस्त एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात आणि १/२५० वगैरेला फोटोत आडवे पट्टे दिसतात. तेव्हा फास्ट लेन्स असून उपयोग नाही, शटर १/१०० ला आणावं लागतं. आणि गडद निळा किंवा लाल लाइट असेल तर हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) तिन्ही रंगांचा बघा, नाहीतर चेहऱ्यावर नुसता लाल डाग राहतो, कान नाक काही नाही.

विरार_फास्ट

मी माझी ५० मागे घेतो 🙏 ताई, वीतभरवाला हिशोब कुठून आणलात?

सौ_आयएसओ

डेप्थ ऑफ फील्डची गणितं करणारी अॅप्स फुकट मिळतात, सेन्सर, मिमी, एफ आणि अंतर टाकायचं. ५० मागे घेऊ नका हो, घरच्या गणपतीला आणि बाळाच्या बारशाला तिच्यासारखी नाही. पाचव्या रांगेतून आखूड पडते एवढंच.

बोराबाजार_रिटर्न

जुनी घेणार असाल तर माझे दोन शब्द, कारण फोर्टात बोरा बाजारच्या गल्ल्यांमध्ये माझे बरेच शनिवार गेलेत, त्यातले काही पश्चात्तापाचे.

मुंबईत लेन्सला खरा शत्रू बुरशी. चार महिने पाऊस, वरून समुद्राची हवा, आणि लोक लेन्स कपाटात स्वेटरखाली ठेवतात. वरून काच चकाचक दिसते. मोबाइलची टॉर्च मागच्या बाजूने आत मारायची आणि पुढून तिरकं बघायचं, मग उलटं करून परत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की नमस्कार करून निघायचं, किंमत कितीही पाडून दिली तरी, "साफ करून मिळेल साहेब" या वाक्यावर मी एकदा आठ हजार घालवलेत, पुढच्या पावसाळ्यात जाळं परत हजर आणि काचेवरचा थर कायमचा खाल्लेला. धूळ मात्र चालते, धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत. स्वतःचा कॅमेरा घेऊन जायचं, पूर्ण उघड्या एफवर समोरच्या दुकानाच्या पाटीचे फोटो काढायचे, घरी न्यायच्या आधी तिथेच मोठे करून बघायचे. फोकसची रिंग अडकते का, भोक लहानमोठं करणाऱ्या ब्लेडवर तेल आलंय का, एवढं बघितलं की झालं.

कॅननचा हा ईएफ माउंट (लेन्स जोडायची पद्धत) १९८७ चा, ८५ एफ १.८ आली १९९२ ला, आणि तरी ती तुमच्या २०१९ च्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. उद्या मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) गेलात तरी अडॅप्टर लावून चालेल. सगळे तिकडे पळतायत म्हणून जुन्या ईएफ लेन्स बाजारात भरपूर आहेत, घासाघीस करायला वाव आहे.

पण माझं ऐकाल तर आधी भाड्याने घ्या. दादर-अंधेरीकडे भाड्याने देणारे बरेच आहेत, आधारची प्रत आणि डिपॉझिट मागतात. ८५ आणि ७०-२०० दोन्ही एका दिवसासाठी आणा आणि तालमीतच काय ते ठरवा. शनिवारी संध्याकाळी घेतली तर काही जण सोमवारी सकाळी परत घेतात आणि एकाच दिवसाचं भाडं लावतात, विचारून बघा.

अंधारखोली

भाड्याला माझं +१. आणि सौ_आयएसओ यांच्या ८५ लाही, मी लेन्स नको म्हणत नव्हतो, मीटर आधी म्हणत होतो. आमच्या काळी १०५ मिमी होती त्या कामाला.

एक महत्त्वाचं राहिलं. मुख्य फोटो रंगीत तालमीतच काढ, प्रयोगात नाही. लाइट तेच, वेशभूषा तीच, आणि प्रेक्षक नसल्यामुळे पहिल्या रांगेत, मधल्या वाटेत, हवं तर रंगमंचाच्या कडेला बसता येतं. चौथ्या रांगेतून पहिल्या रांगेत येणं ही सुद्धा फास्ट लेन्सच आहे, कमी मिमीत काम होतं. शिवाय शटरचा खटका. करुण प्रसंगात शांतता पडलेली असताना तुझ्या कॅमेऱ्यातला आरसा खट्खट् करतो तेव्हा पुढच्या रांगेतली आजी वळून जे बघते ना.

विंगेतला

परत आलो, उशीर झाला, प्रयोग होता.

भाड्याने दोन्ही आणल्या. दोन लेन्सचं मिळून दोन हजाराच्या आत पडलं, बायकोला सांगितलं की साठ हजार वाचवण्यासाठी दोन हजार घालवतोय, तिने फ्रिजकडे बघितलं फक्त.

पहिला अंक मुद्दाम जुन्या ५५-२५० वरच काढला, एम मोड, चेहऱ्यावर मोजून. काकांचा अंदाज तंतोतंत, १/१६०, एफ ५, ६४००. पडदा काळा, चेहरे चेहऱ्यासारखे. दाणे आहेत पण रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलं होतं आणि लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये २०२३ ला दाणे घालवणारा जो डीनॉइज आलाय तो मारला तर माझा विश्वास बसेना, फक्त माझा लॅपटॉप एकेका फोटोला चहा प्यायला जातो. नाचाचं एक दृश्य आहे ते मात्र हललंच.

दुसऱ्या अंकाला ८५. एफ २, १/२५०, आयएसओ १६००. ऑटोफोकस पण झटकन पकडतो, कॅमेरा फोकस करताना लेन्स पूर्ण उघडी असते म्हणून असेल. नाचाचं दृश्य परत करायला लावलं, दिग्दर्शकाच्या शिव्या खाल्ल्या, पण आलं. शेवटी एक प्रवेश नुसत्या कंदिलावर आहे, आई आणि मुलगा जमिनीवर बसलेत. तिथे ५५-२५० लावून बघितली तर १/२०, विषयच संपला. ८५ ने १.८ ला १/१२५ मिळालं, ३२०० वर. त्या फोटोत आईच्या नथीला जांभळी किनार आलीये, सौ_आयएसओ ताई, मला ती दिसतेच, बाकी कोणालाच दिसत नाहीये.

७०-२०० पाऊण तास धरली. फोटो देखणे येतात यात वाद नाही, पण मनगट गेलं आणि पहिल्या रांगेतून ७० च्या आत यायला सारखी धडपड. परत दिली.

८५ मागच्या शनिवारी बोरा बाजारातून जुनी घेतली, टॉर्च मारून. दुकानदार म्हणाला "साहेब डॉक्टर आहात का". आता हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवलीये. फ्रिजचा हप्ता पुढच्या महिन्यापासून.

जाहिरातीसाठी दिग्दर्शकाने तीन फोटो निवडले. कंदिलाचा एक, नाचाचा एक, आणि तिसरा पहिल्या अंकातला, म्हणजे डब्यातल्या लेन्सचा. निवडून झाल्यावर दिग्दर्शक म्हणाला की सगळं आहे पण पूर्ण नेपथ्याचा, सगळी पात्रं एकत्र असा एकही धड फोटो नाही. १८-५५ वर काढलेले थोडे मऊ, म्हणजे धड स्पष्ट नाहीत असे आलेत. तर आता १७-५० एफ २.८ बद्दल कोणाचा काय अनुभव?

अंधारखोली

नवीन धागा काढ. एक्झिफ घेऊन ये.